पेशकारांना करकोचे दाखवले त्याची हकीकत

“ए काळ्या शेरवानीच्या! मुंडकं खाली घे, न्हाईतर कणसासंगं तेबी खाली यील!”

हे शब्द ज्या बाईच्या तोंडून आले ती ज्वारीच्या उभ्या रानात, लाकडी मेढींवर (खांबांवर) बांधलेल्या मचाणावर पदर खोचून उभी होती. शब्द मागाहून आले. आधी तिच्या गोफणीतला दगड आला, आणि तो माझ्या डाव्या कानाजवळून असा गेला की पुढे कित्येक दिवस त्या कानानं मला फक्त वारा ऐकू येत होता. मी ताबडतोब खाली बसलो. परभणीच्या कोर्टात मला खाली बसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. पण त्या बाईच्या हातात गोफण होती आणि माझ्या हातात उसनी दुर्बीण.

माझ्या शेजारी, गारठलेल्या काळ्या मातीत, पेशकार नरहरराव उकिडवे बसले होते. त्यांच्या रूमी टोपीचा गोंडा दहिवरानं भिजून टोपीला चिकटला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, “वकीलसाहेब, पाखरं कुठं आहेत?”

या एका प्रश्नासाठी आम्ही परभणीहून निघालो होतो. तेव्हा आधी निघालो कसे ते सांगतो, म्हणजे त्या बाईच्या तावडीतून सुटलो कसे तेही ओघानं येईल.

दुसऱ्या महायुद्धाचे, निजामाच्या राजवटीतले दिवस होते. मी परभणीत वकिली करत होतो. लोक म्हणत, वकीलसाहेब गोष्ट फुगवून सांगतात. हा आरोप साफ निराधार आहे. गोष्ट असते तेवढीच मी सांगतो. ऐकणाऱ्यांचे कान अरुंद असतात, त्याला माझा इलाज नाही. आदल्या वर्षी फाल्गुनात एका पक्षकाराची जमीन बघायला मी गंगाखेडला गेलो होतो, तेव्हा गोदावरीच्या वाळवंटात करकोचे (राखी अंगाचे, काळ्या मानेचे, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा तुरा असलेले उंच पक्षी) पाहिले. हिवाळ्यात ते हिमालयापलीकडून आपल्याकडे येतात, हरभऱ्यावर ताव मारतात आणि ऊन तापायच्या आत परत जातात. परत आल्यावर मी वकिलांच्या बैठकीत जे पाहिलं ते सांगितलं. म्हटलं, इतके करकोचे होते की त्यांच्या पाठींवर पाय देत नदी ओलांडली असती तर जोडा कोरडा राहिला असता. ते उडाले तेव्हा जात्याच्या पाळीसारखे आभाळात गरगर फिरले. त्यांच्या पंखांच्या वाऱ्यानं काठावरच्या लोकांच्या टोप्या गेल्या. आणि शेवटचा पक्षी दिसेनासा झाल्यावरही त्यांचा आवाज वरून पडतच राहिला.

सगळे पोट धरून हसले. नरहरराव हसले नाहीत. मला काळजी वाटली ती त्याचीच.

पेशकार म्हणजे कोर्टात मुन्सिफसाहेबांपुढे कागद वाचून दाखवणारा अंमलदार. नरहररावांनी उभ्या जन्मात कागदावर नसलेला शब्द उच्चारला नाही, घरीसुद्धा नाही. भाजी बिघडली तर ते म्हणत, “मीठ कमी आहे.” भाजी अमृतासारखी झाली तर म्हणत, “मीठ बरोबर आहे.” आणि याच नरहररावांच्या थोरल्या मुलाशी माझ्या कुसुमची सोयरीक ठरत आली होती. मुलगा मास्तर होता, स्वभावानं गरीब, आणि त्याचं नाव निघालं की कुसुमला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं. पत्रिका जुळली होती. घोडं अडलं होतं ते माझ्यापाशी. नरहररावांच्या पत्नी राधाबाई आमच्या घरी येऊन स्पष्ट सांगून गेल्या, “मुलगी आम्हाला लाख पसंत आहे. पण आमच्या घरचे म्हणतात, घरात तांब्याभर पाणी असताना जो माणूस विहीर सांगतो, त्याच्याशी सोयरीक करून उद्या त्याच्या कुठल्या शब्दावर विसंबायचं?”

त्या गेल्या. माझी बायको पोळी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “तुमच्या जिभेपायी पोर घरात राहायची बघा.” एरवी माझ्या गोष्टींना सगळ्यात मोठ्यानं हसणारी कुसुम त्या दिवशी ताटातल्या भाताकडे बघत बसली. ते मला सहन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या ओसरीवर मी नरहररावांना गाठलं. म्हटलं, “पेशकारसाहेब, हे दिवस करकोचे परत जायचे आहेत. माझ्याबरोबर गंगाखेडला चला. डोळ्यांनी बघा, आणि काय तो फैसला करा. मी म्हटलं तसं नसेल तर सोयरिकीचा शब्द मी पुन्हा काढणार नाही.”

त्यांनी थोडा विचार केला. “गुरुवारची रजा टाकतो,” म्हणाले. “शुक्रवारी कचेरीला सुट्टी आहे. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं परत. शनिवारी काम आहे.”

झालं. एका सोल्जर मित्राकडून मी दुर्बीण मागून घेतली आणि आम्ही निघालो.

त्या आठवड्यात गारा पडून गेल्या होत्या आणि उत्तरेचा वारा सुटला होता. फाल्गुनात अशी थंडी मी पूर्वी पाहिली नाही, नंतरही नाही. आमच्या गाडीच्या इंजिनाचा ड्रायव्हर बॉयलरला पाठ लावून बसला होता आणि स्टेशन आलं तरी तिथून हलायला राजी नव्हता. डब्यात सगळेजण एकाच घोंगडीची टोकं ओढत होते. घोंगडी कुणाची, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही. पोखर्णीला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून नृसिंहाच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले. खांबातून प्रकट होणाऱ्या देवाला वाळवंटात चार करकोचे प्रकट करणं काय अवघड! नरहररावांनीही हात जोडले, मग फडकं सोडून दशम्या (दुधात पीठ मळून केलेल्या, प्रवासात टिकणाऱ्या भाकरी) काढल्या. समोर एक शेतकरी बसला होता. त्यानं माझी शेरवानी पाहिली, नरहररावांची रूमी टोपी पाहिली, माझ्या गळ्यातली दुर्बीण पाहिली, आणि आपलं गाठोडं उचलून मुकाट्यानं डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मला वाटलं, माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव.

गंगाखेडला आमचा मुक्काम शंकरआप्पांकडे होता. शंकरआप्पा माझे पक्षकार, भुसार मालाचे व्यापारी. नदीपलीकडे त्यांची शेती होती. कपाळावर भस्माचे आडवे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीत शिवलिंग. त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी अशी मोठी होती की एक खाली अंथरावी आणि एक पांघरावी. सोबत आंबट वरण आणि शेंगदाण्याची लालभडक चटणी. त्या चटणीनं माझ्या पायाच्या बोटांपर्यंत ऊब पोचली. नरहरराव म्हणाले, “मीठ बरोबर आहे.” आप्पांच्या घरच्या बाईंना याचा अर्थ कळेना, मी त्यांना समजावून सांगितलं की यापेक्षा मोठी स्तुती निजामाच्या उभ्या मुलखात मिळायची नाही.

दुपारी आप्पांना दुकान सोडता येईना, म्हणून आम्ही दोघंच नदीवर गेलो. आभाळ भरलेलं, वारा अंगातून आरपार जाणारा. दरडीवरून मी खाली मोठ्या ऐटीत हात केला आणि म्हणालो, “बघा!”

नरहररावांनी बघितलं. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे.

“वाळू आहे,” ते म्हणाले.

खरोखरच वाळू होती. शेपटी नाचवणारे धोबी पक्षी होते, पलीकडच्या डोहात नारिंगी रंगाचं चक्रवाकाचं एक जोडपं रुसल्यासारखं एकमेकांकडे पाठ करून पोहत होतं, पण करकोचा म्हणून औषधालासुद्धा नव्हता. मी म्हटलं, चरायला गेले असतील, पलीकडे विचारू. जोडे हातात घेतले आणि नदीत उतरलो. पाणी गुडघ्याएवढंच, पण असं थंड की दुसऱ्या काठाला लागल्यावर खाली बघून खात्री करून घ्यावी लागली, हे पाय माझेच ना.

पलीकडच्या गावात पहिलाच माणूस भेटला तो बैल पाजून परत येत होता. त्याला मी विचारलं, “काय हो, यंदा पाखरं कशी काय आहेत?”

तो जागच्या जागी थांबला. आमच्याकडे पायापासून टोपीपर्यंत पाहून म्हणाला, “पाखरं? न्हाईत, साब. पाखराला खायला पायजे की काई. हितं काय हाय?” आणि बैलांना हाकत असा पळाला की बैल मागं पडले.

दुसरा भेटला तो म्हातारा, घरासमोर उन्हाची वाट बघत बसलेला. “पाखरू म्हंता? आवो, चिमणीसुदिक न्हाई राह्यली गावात.” हे तो बोलत असताना त्याच्या मागं, ज्वारीच्या कणगीवर दहा-वीस चिमण्या कल्ला करत होत्या. नरहररावांनी बोट दाखवलं. म्हाताऱ्यानं मान वळवून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “ह्या आमच्या न्हाईत. पाव्हण्या हायेत.”

तिसऱ्या घराचं दार आम्ही पोचायच्या आतच लागलं. आतून आवाज आला, “घरात कुनी न्हाई!”

माझ्या वकिलीत साक्षीदार फुटलेले मी पाहिले आहेत. पण अख्खा गाव फुटलेला तो पहिलाच. परत येताना नरहरराव नदीच्या मधोमध थांबले आणि म्हणाले, “वकीलसाहेब, दोन गवाह खिलाफ गेले. तिसरा हजरच झाला नाही.” आणि ते पुढे चालू लागले. मी मात्र काठापर्यंत बोलतच राहिलो, कारण गप्प बसलो असतो तर भाताकडे बघत बसलेली कुसुम डोळ्यांपुढे आली असती.

शुक्रवारी झुंजुमुंजू व्हायच्या आत मी नरहररावांना उठवलं. दुपारी गाडी होती. त्या आत मला हा खटला जिंकायचा होता. आप्पा म्हणाले, “वकीलसाब, मी पूजा उरकून येतो. तुमी व्हा फुडं. माझ्या रानाच्या धुऱ्यानं (बांधानं) गेलाव की खाली नदी दिसती.” आप्पांचं शिवलिंग पूजेला हातावर आलं की निजामाचा अख्खा सुभा जरी बुडाला तरी पूजा पुरी झाल्याशिवाय ते उठायचे नाहीत, हे मला माहीत होतं. आम्ही वरच्या उतारानं नदी ओलांडून पुढे निघालो. नदीवर धुकं असं दाट बसलं होतं की मी नरहररावांना दोनदा नमस्कार केला; दोन्ही वेळा ते बाभळीचं खोड निघालं. आप्पांचं रान कुठलं आणि शेजाऱ्याचं कुठलं, हे धुक्यात कळलं नाही, आणि आम्ही शिरलो ते शेजारच्या ज्वारीत, गिरजाबाईच्या मचाणाखाली.

इथं तो दगड आला. आता तुम्ही आमच्याबरोबर त्या सऱ्यांत येऊन बसलात.

नरहरराव उठले. हात वर केले आणि कोर्टात हुकूम वाचावा तसे म्हणाले, “बाई, आम्ही पाखरं बघायला आलो आहोत.”

गोफण एकदम थांबली. “पाखरं? हितं पाखरं न्हाईत. पाखरू न्हाई की पिल्लू न्हाई. पीकच न्हाई, तर पाखरं कामून येतील?” भोवती कणसं मुठीएवढी लगडलेली होती.

“मग मचाणावर कशाला बसलात?”

“हवा खायला.”

“आणि गोफण?”

“हाताला सवय हाय. न्हाई फिरवली तर खांदा धरतो.”

तेवढ्यात धुक्यातून भोरड्यांचा थवा आला (साळुंकीएवढे गुलाबी-काळे पक्षी, हेही आता उत्तरेच्या वाटेवर होते). थवा कसला, कुणीतरी आभाळाची चादर झटकल्यासारखा तो गिरजाबाईच्या डोक्यावरून वळला आणि कणसांवर उतरला. जिकडेतिकडे टिपण्याचा टरटर आवाज सुरू झाला. बाईचा उजवा हात आपोआप वर गेला, आणि मधेच थांबला. मघाशी दिलेला जबाब तिला आठवला असावा. ती उभी राहिली, ओठ मिटून. एकेक दाणा पाखरांच्या चोचीत जात होता आणि तिच्या काळजातून निघत होता. तिच्या कपाळावर, त्या थंडीत, घाम आलेला मी पाहिला.

नरहररावांनी कणसाकडे बोट केलं. “हे काय आहे?”

“कुठं?”

“तुमच्या कणसावर.”

“ती व्हय?” गिरजाबाईनं गोफण पदराआड केली. “ती पानं हायेत.”

पानं उडाली आणि पलीकडच्या कणसांवर जाऊन बसली. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

एवढ्यात मागून धुऱ्यावरून शंकरआप्पांची हाक आली. कपाळावरचं भस्म अजून ओलं होतं. “गिरजाबाई! आवो गिरजाबाई, लेव्हीवाले न्हाईत ते! माझे पाव्हणे हायेत!”

आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या वर्षी सरकारनं धान्याची लेव्ही बसवली होती. पीक बघून शेतकऱ्यांकडून सक्तीनं ज्वारी नेत. काळी शेरवानी, रूमी टोपी, गळ्यात दुर्बीण, अशा थाटाचे दोन इसम गावात येतात आणि पहिला प्रश्न काय विचारतात, तर पाखरं किती! पाखरं फार म्हणजे पीक फार. सबंध गावानं कालपासून आपल्या हद्दीतलं प्रत्येक पाखरू नाकारलं होतं, आणि त्यात माझी सोयरीक बुडत होती.

“वकीलसाब हायेत ते, परभणीचे!” आप्पा धापा टाकत म्हणाले.

“वकील?” गिरजाबाईनं मला वरून न्याहाळलं. “मंग तर आणखीन खाली बसा.”

आणि मग तिनं गोफण फिरवली! मघापासून कोंडलेला सगळा राग त्या एका दगडात होता. गोफणीचा असा कडाका झाला की सगळा थवा एकदम उठून धुक्यात गेला, आणि मला खात्री आहे, तो वाटेत कुठं न थांबता थेट तुर्कस्तानात उतरला असेल. “मुडदा बशिवला तुमचा! उलथा तिकडं! सारं रान खाल्लं रे, सारं रान!”

नरहररावांनी विचारलं, “बाई, मघाशी तुम्ही पानं म्हणालात.”

“मघाशी तुमी सरकार व्हता!”

मी संधी सोडली नाही. “गिरजाबाई, आणि करकोचे? मोठे, राखी, काळ्या मानेचे?”

“त्या मेल्यांचं नाव काढू नका!” ती म्हणाली. “गारा पडल्यापासनं जीव खायलेत. हरभरा ठेवला न्हाई. काल सारा दीस वरच्या अंगाच्या रानात व्हते, सांच्याला हितं खाली आले. आभाळ आलंय म्हून जायनात, आन् रोज नवे येऊन मिळायल्यात. दरडीखाली बसल्यात बगा.”

मी विजयानं नरहररावांकडे वळलो.

“बदललेला जबाब आहे,” ते म्हणाले. “डोळ्यांनी दाखवा.”

खाली नदी होती, पण नदीवर धुकं होतं, आणि त्यात बोट घातलं तर बोट दिसत नव्हतं. मात्र कान दिले तर आवाज येत होता. आधी वाटलं दूर कुठं गाड्यांची चाकं करकरत आहेत. मग लक्षात आलं, इतक्या गाड्या परभणी जिल्ह्यातच नाहीत. क्रर्र, क्रर्र, क्रर्र. धुक्याखालून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“वर या,” गिरजाबाई म्हणाली. “हितनं दिसंल. आन् ती काळी शेरवानी आधी पांघरुणाखाली घाला, न्हाईतर पाखरंबी लेव्ही समजून पळतील.”

आम्ही मचाणावर चढलो. मचाण एका बाईच्या वजनासाठी बांधलेलं होतं. नरहरराव चढले तेव्हा ते कुरकुरलं, मी चढलो तेव्हा ते रडलं, आप्पा खालीच थांबले. गिरजाबाईच्या घोंगड्यात गुंडाळून आम्ही तिघं पूर्वेकडे तोंड करून बसलो. कुणी बोललं नाही. गिरजाबाईसुद्धा नाही, आणि आप्पांनी पुढे मला सांगितलं की राखण बसल्यापासून ही बाई दिवसाउजेडी गप्प बसल्याचं गावानं तेव्हाच पहिल्यांदा अनुभवलं. पलीकडच्या रानातला माणूस घाबरून बघायला आला होता.

नरहररावांनी एकदा सूर्य असावा त्या दिशेला पाहिलं. गाडीची वेळ त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेली होती. मी मनात नृसिंहाला सांगितलं, आता नाही तर कधी नाही.

वारा पडला. कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा ढगाला फट पडली आणि उन्हाची तिरीप नदीवर आली. धुकं जागचं हललं, फाटलं, आणि त्याच्या खालची वाळू दिसायला लागली.

चुकलो. वाळू दिसलीच नाही.

राखी. सगळं राखी. या वळणापासून त्या वळणापर्यंत वाळवंट होतं तिथं पाठी होत्या, उथळ पाण्यात पाय होते, माना होत्या, आणि प्रत्येक मानेवर तो पांढरा तुरा, लग्नाला निघाल्यासारखा. थंडीनं अडवलेले, खालच्या मुलखातून येऊन साचलेले, बहुधा कृष्णेपर्यंतचे सगळे करकोचे त्या एका वाळवंटात जमले होते. काही पंख ताणत होते, काही उड्या मारून नाचत होते. मी तोंड उघडलं. वर्णन करायला शब्द शोधला, आणि मला कळलं की माझ्याजवळचे सगळे शब्द मी आदल्या वर्षीच खर्च करून बसलो होतो.

ऊन अंगाला लागायला लागलं तसा एक उठला. मग त्याच्यामागं दहा. मग वाळवंटाचं एक टोक सुटं होऊन वर आलं, त्याच्यामागं दुसरं. पंखांचा आवाज असा आला की मचाणाच्या दोऱ्या वाजायला लागल्या. आमच्या डोक्यावर आल्यावर त्यांनी पंख पसरले आणि हलवायचे थांबवले. तापलेल्या हवेवर नुसते तरंगत गोल फिरू लागले. एक फेरा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि खालून नवे येऊन मिळतायत. सावल्यांची रांग ज्वारीवरून, गिरजाबाईवरून, नरहररावांच्या तोंडावरून सरकत होती, जाई आणि पुन्हा येई. नरहररावांची मान मागं मागं गेली, आणखी मागं गेली, आणि त्यांची रूमी टोपी उडून खाली ज्वारीत पडली. तुम्ही म्हणाल, मान मागं टाकल्यामुळं पडली. तुम्ही तिथं नव्हतात. मी होतो.

आणि गिरजाबाई! तिच्या हरभऱ्याची माती करणारी ती पाखरं वर चढताना बघून तिनं गोफण उचलली. मला वाटलं, आता हाणते. तिनं रिकामीच गोफण डोक्यावर गरागरा फिरवून कडाडून वाजवली आणि आभाळाकडे बघून ओरडली, “जावा रे बाबांनो, जावा! नीट जावा! आन् फुडल्या साली शेजाऱ्याच्या रानात बसा!”

फेरे उंच गेले, बारीक झाले, उत्तरेला वळले. ठिपके झाले. मग ठिपकेही राहिले नाहीत. वर नुसतं निळं आभाळ, आणि त्या रिकाम्या आभाळातून आवाज येतच होता, क्रर्र, क्रर्र, कितीतरी वेळ.

मी नरहररावांकडे पाहिलं. ते उघड्या डोक्यानं, तोंड उघडं टाकून वर बघत होते. मी विचारलं, “काय पेशकारसाहेब?” त्यांनी फक्त हात वर केला, अजून आवाज येतोय, थांबा, असा. आवाज पुरता थांबल्यावर ते खाली उतरले, टोपी शोधली, झटकली आणि घातली. एक अक्षर नाही.

गिरजाबाईनं बांधावर काटक्या पेटवून हुळा (जाळात भाजलेला ओला हरभरा) केला. “पाखरांच्या चोचीतून राह्यलाय तेवढा खावा,” म्हणाली. एरवी बाहेरचं पाणीही न पिणारे नरहरराव जाळाशेजारी मांडी घालून बसले आणि घाटे सोलून खाऊ लागले, ते तोंड काळं होईपर्यंत. मी आशेनं वाट पाहिली. मिठाबद्दलही ते काही बोलले नाहीत.

दुपारच्या गाडीत ऊन होतं. कुणीही घोंगडी ओढत नव्हतं. परतीच्या वाटेवर मी खूप बोललो, डब्यातल्या सगळ्यांना सगळं सांगितलं, आणि पोखर्णी येईपर्यंत करकोच्यांची संख्या थोडी वाढली असेल तर ती उन्हामुळं. पण खिडकीबाहेर बघताना मनात वेगळंच चाललं होतं. इतकी वर्षं मी लोकांना डोळे विस्फारायला लावत होतो. आज माझेच डोळे विस्फारले होते, आणि ते बघायला एक सच्चा माणूस शेजारी होता. मला वाटलं, प्रवासाला जावं ते अशासाठी. घरी बसून माणूस कितीही मोठं बोलला, तरी जग त्याच्या बोलण्याच्या वरचढ निघतं, आणि ते पाहून यायला गाडीच धरावी लागते. एवढं असूनही शेजारचा माणूस गप्प होता. त्याच्या त्या गप्प बसण्यात माझ्या मुलीचं लग्न होतं.

परभणीला उतरल्यावर मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. राधाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्यामागं, काही निमित्त काढून आलेली माझी बायकोही होती. मी पायरीवरूनच सुरुवात केली. वाळवंट सांगितलं, धुकं सांगितलं, मचाणाच्या दोऱ्या, आभाळाएवढा फेरा, उडालेली टोपी, रिकाम्या आभाळातला आवाज, सगळं हात उंचावून उंचावून सांगितलं. शेजारची चार माणसं गोळा झाली. त्यातला एकजण हसायला लागला.

राधाबाईंनी हात करून मला थांबवलं आणि नवऱ्याकडे वळल्या. “अहो, हे सांगतात तसंच होतं का?”

नरहररावांनी जोडे काढले, पाय धुतले, पंच्यानं नीट पुसले.

“नाही,” ते म्हणाले. “हे कमी सांगतात. गुरुजींना बोलवा, मुहूर्त काढायला.”